जंतू सापडला, पण कारण सापडलं का?

मंडळी, आज आपण कुत्र्यांच्या डिस्टेंपरकडे वळू. ताप, वाहणारं नाक, खोकला, पुढे झटके. पिल्लं तर पटापट दगावायची. १९०५ साली फ्रान्समध्ये आंरी कारे यांनी दाखवलं, की आजारी कुत्र्याच्या नाकातला स्राव जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला तरी रोग लागतोच. म्हणजे कारण जिवाणूहून बारीक. पण ते सूक्ष्मदर्शकात दिसेना, मग पटणार कसं?

पुढे १९१० च्या सुमारास अमेरिकेत न्यूवेल फेरी यांना आजारी कुत्र्यांच्या श्वासनलिकेत एक जिवाणू वारंवार सापडला. हाच डिस्टेंपरचं कारण, असं त्यांनी मांडलं. त्याविरुद्ध लसही निघाली. अखेर १९२० च्या दशकात लंडनच्या मिल हिलमध्ये लेडलॉ आणि डंकिन यांनी कुत्र्यांवर आणि मुंगसासारख्या दिसणाऱ्या फेरेटवर प्रयोग केले, आणि कारे बरोबर ठरले. डिस्टेंपर विषाणूचाच.

मग तो जिवाणू निर्दोष? तसंही नाही. आज आपण त्याला 'बोर्डेटेला ब्रॉन्किसेप्टिका' म्हणतो. आपल्या डांग्या खोकल्याच्या जिवाणूचा हा भाऊबंद. श्वासनलिकेतला कफ वर ढकलणाऱ्या सूक्ष्म केसांना तो चिकटतो आणि त्यांची हालचाल थांबवतो. कुत्र्यांचा ठसकेबाज 'केनेल कफ', डुकरांच्या पिल्लांच्या नाकातली झिजलेली हाडं, यांत त्याचा हात असतो. विषाणूने दार उघडलं की हा आत घुसतो. कधी एकटाही पुरतो.

रोग्यात जंतू सापडला म्हणजे कारण सापडलं, असं नव्हे. पण मूळ कारण दुसरं निघालं म्हणून त्या जंतूला मोकळं सोडणंही आपल्याला परवडत नाही.