पायाखालची वाळू

तारकर्लीच्या किनाऱ्यावर ज्याने जन्मभर रापण ओढली, तो म्हातारा दिवसा नीट चालतो आणि तिन्हीसांजेनंतर घरच्या उंबऱ्यात अडखळतो. लोक म्हणतात, वय झाले. कोणी म्हणतात, घेतली असेल. आम्ही कामगारांत आयुष्य घालवले. असे शेरे आम्हीही मारले. त्याची आज आम्हांस लाज वाटते.

बर्लिनचे डॉक्टर रोम्बर्ग यांनी १८४० च्या दशकातच याचे मर्म सांगितले होते. मज्जारज्जूचा रोगी पाय जुळवून उभा राही. डोळे मिटताच तो डोलू लागे. तोल सांभाळणारे तिघे: डोळे, अंतर्कर्ण आणि पायांची जाणीव वर पोचवणाऱ्या नसा. नसा मुक्या झाल्या की भार डोळ्यांवर पडतो. अंधारात तोही आधार जातो.

दुसरा धडा वेल्लोरचा. १९४६ साली तेथे आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, कुष्ठरोग्याचे पाय आपोआप झडत नाहीत. बधिर पायाला काटा कळत नाही आणि माणूस जखमेवरच चालत राहतो.

१९२१ साली इन्सुलिन सापडले, मधुमेही दीर्घायुषी झाले; पण जुना मधुमेह नसांना इजा करतो, आणि तेच बधिर पाऊल आज घरोघरी आले आहे.

तेव्हा मंडळी, म्हाताऱ्याला बोल लावण्याआधी त्याच्या तळपायाला कापूस लावून विचारा, “कळते का?” नाही म्हणाला तर डॉक्टरकडे न्या, पायांत वहाणा द्या आणि रात्री उंबऱ्यापाशी दिवा ठेवा.