सुट्टीतलं बी.एड.

परवा माळ्यावरची ट्रंक खाली काढली. कारण खास काही नव्हतं, वाळवी लागल्याची शंका आली म्हणून. वाळवी नव्हती, पण तळाशी सुतळीने बांधलेला एक गठ्ठा निघाला. माझे बी.एड.चे स्वाध्याय, पाठाची टाचणं, आणि वर निळ्या शाईत माझ्याच अक्षरात "2003-05". गठ्ठा सोडला आणि दुपार तिथेच गेली.

नव्या वाचकांसाठी सांगते (मावशी-काकूंना पाठ आहे, त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल). मी तेव्हा फलटणला एका विनाअनुदानित शाळेत मराठी शिकवायचे. बी.ए. होते, बी.एड. नव्हते, आणि त्यामुळे पगाराला पगार म्हणावं अशी परिस्थिती नव्हती. घरात मुलगा सहा वर्षांचा, मुलगी दोन वर्षांची. कॉलेजात जाऊन वर्षभर बी.एड. करायचं म्हणजे नोकरी सोडायची, आणि मुलीला कोणाकडे ठेवायचं हा प्रश्न उरायचाच. म्हणून मुक्त विद्यापीठ. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण विद्यापीठाचं ब्रीदच "ज्ञानगंगा घरोघरी". पुस्तकं घरी आली, गंगाही आली. फक्त संपर्कसत्रांसाठी साताऱ्याला जायचं, आणि ती सत्रं दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत.

म्हणजे नेमकी तेव्हा, जेव्हा माझी मुलं घरी.

त्या दोन वर्षांत मी हा प्रश्न कितीदा मनात विचारला असेल: सुट्टीतच का? उत्तर मला फार उशिरा, इकडचं-तिकडचं वाचताना मिळालं, आणि ते बरंच मागे जाऊन सापडलं.

शिक्षक घडवताना त्याच्या घराचं काय करायचं, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. पुण्यात मुलींच्या शाळांसाठी शिक्षिका तयार करणारं फीमेल ट्रेनिंग कॉलेज 1870 साली निघालं. पण तिथे येणार कोण? लग्नं लहानपणीच झालेली, आणि लग्न झालेली बाई घर सोडून राहणार कशी? 1882 साली नेमलेल्या हंटर आयोगाने यावर जी शिफारस केली ती वाचून मला हसू आलं आणि जरा कौतुकही वाटलं. आयोग म्हणतो, शाळामास्तरांच्या बायकांना शिक्षिका व्हायला भरघोस उत्तेजन द्या, आणि योग्य अशा विधवांनाही तयार करा. हिशोब सरळ आहे. मास्तर जिथे बदलून जाईल तिथे बायको जाईलच, तर एका घरात दोन शिक्षक मिळतील. पोरांना कोण बघणार, हे त्या शिफारशीत नाही. पण बाईचं घर कुठे आहे याचा विचार करून प्रशिक्षणाची आखणी करावी, एवढं तरी त्यांना सुचलं होतं.

पुढची ऐंशी वर्षं मी इथे उडी मारून जाते. स्वातंत्र्यानंतर शाळा वाढल्या, माध्यमिक शाळांत बी.एड. नसलेले शिक्षक हजारोंनी भरले गेले. त्या सगळ्यांना वर्षभर वर्गातून काढून कॉलेजात बसवलं तर शाळाच बंद पडल्या असत्या. 1962 साली दिल्ली विद्यापीठाने टपालाने पदवीचं शिक्षण सुरू केलं होतंच. मग 1960च्या दशकाच्या मध्यात अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूरच्या प्रादेशिक शिक्षण महाविद्यालयांनी एक तोड काढली: उन्हाळ्याच्या दोन सुट्ट्या कॉलेजात राहून शिकायचं आणि मधलं वर्ष टपालाने अभ्यास पाठवायचा. महाराष्ट्रासाठी कॉलेज भोपाळचं.

सापडलं ना उत्तर? विद्यार्थी स्वतः शिक्षक, म्हणून मोकळा फक्त सुट्टीत. शाळेच्या बाजूने बघितलं तर यात चूक काढायला जागाच नाही. एक तास बुडत नाही. बुडतो तो घरचा मे महिना, पण तो कुठल्याच हजेरीपटात नसतो.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा जाचक वाटायची. आधीच शाळेत शिकवत असाल तरच प्रवेश, हा नियम. माझ्या नणंदेला तो लागला आणि तिचं बी.एड. राहिलं ते राहिलंच. घरी बसलेल्या बाईलाच तर घरबसल्या शिकायची गरज, असं ती म्हणायची. पण त्यामागेही कारण आहे. 1980 नंतर अनेक विद्यापीठांनी टपाली बी.एड.चा सपाटा लावला होता. पैसे भरा, पुस्तकं घ्या, परीक्षा द्या. वर्गात कधी उभी न राहिलेली माणसं शिक्षक होऊन बाहेर पडायला लागली. 1993च्या कायद्याने राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेला अधिकार मिळाले आणि परिषदेने हे दार लहान केलं. आज मला तो नियम बरोबर वाटतो. (नणंदबाई, रागावू नका.)

नाशिकचं विद्यापीठ 1989 साली स्थापन झालं. राम ताकवले पहिले कुलगुरू. आमच्यासारख्यांच्या दृष्टीने मोठा फरक एवढाच, की भोपाळचं सातारा झालं. सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळी परत. दोन महिने घर सोडून राहण्यापेक्षा हे किती सुखाचं! तरी घरातून निघताना मुलगी जी रडायची, ते अंतरावर अवलंबून नव्हतं.

आमच्या वर्गात बहुतेक सगळे कोणाचे तरी आई-बाप. सूक्ष्मपाठ म्हणजे पाच-सहा मिनिटांचा धडा, त्यात एकच कौशल्य दाखवायचं. आज प्रश्न विचारायचं, उद्या फलकलेखनाचं. आपणच शिक्षक, आपलेच सोबती विद्यार्थी. चाळिशीतले गुरुजी पाचवीतल्या पोरासारखे बोट वर करायचे आणि मधल्या सुट्टीत एसटीडी बूथवर रांग लावायचे, घरी ताप उतरला का विचारायला.

आता गठ्ठ्यातल्या सगळ्यात जाड वहीबद्दल. माझा प्रकल्प होता वाचनात अडखळणाऱ्या मुलांवर. आमच्या पाचवीतली आठ मुलं निवडली होती. रोज मधल्या सुट्टीत त्यांना बसवायचे, कोणतं जोडाक्षर कुठे अडतं त्याच्या नोंदी करायचे. रात्री घरी सगळे झोपले की तक्ते आखायचे. समंत्रकांनी वहीवर लाल शाईने "उत्तम निरीक्षण" असं लिहिलंय.

त्याच महिन्यात मुलाच्या बाईंनी मला शाळेत बोलावून घेतलं. तो दुसरीत. म्हणाल्या, "अहो, याला जोडाक्षरं वाचता येत नाहीत. दोनदा चिठ्ठी पाठवली." चिठ्ठ्या दप्तरातच होत्या, चुरगळून तळाशी. मी रोज संध्याकाळी त्याच्या शेजारीच बसून लिहीत होते. तो पुस्तक उघडून बोट फिरवायचा, मला वाटायचं वाचतोय. चित्रं बघून गोष्ट पाठ केलेली होती त्याने.

पुढच्या मेमधलं संपर्कसत्र मी चुकवलं नाही, कारण चुकवता येत नव्हतं. रोज परत आल्यावर त्याला अंगणात घेऊन बसायचे, त्या आठ मुलांसाठी केलेले तक्ते घेऊनच. दिवाळीपर्यंत तो वाचायला लागला. सासूबाईंचा यात माझ्यापेक्षा जास्त हात आहे. दुपारी त्याच्याकडून पोथी वाचून घ्यायच्या, आणि पोथीत जोडाक्षरांना काय तोटा!

नंतर बरंच बदललं. शिक्षण हक्क कायद्यानंतरही प्रशिक्षण न घेतलेले शिक्षक उरले होते. 2017 साली कायद्यात दुरुस्ती करून त्यांना 31 मार्च 2019 पर्यंत मुदत दिली, आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या डी.एल.एड.ला देशभरातून दहा लाखांहून जास्त शिक्षक बसले. व्याख्यानं टीव्हीवर आणि स्वयम् पोर्टलवर. माझी धाकटी चुलतबहीण त्यातली एक. ती सांगायची, मोबाईल ओट्यावर डब्याला टेकवून ठेवायचे, शिट्टी झाली की व्याख्यान मागे न्यायचे.

तर गठ्ठा पसरून बसले होते, तेवढ्यात चिरंजीव आले. सुट्टीला आलेत, स्वतः एका मुलीचे बाप आहेत आता. जाड वही उचलली, चार पानं उलटली. तक्ते ओळखले त्याने.

"हे माझ्यावर लिहिलं होतंस?"

"नाही रे," म्हटलं. "पाचवी अ वर."