आमचे ग्रंथ व आमच्या शाळेचें ग्रंथालय

जुबिलीच्या या मंगल प्रसंगीं परमेश्वरानें आमच्या धर्मग्रामावर केलेल्या उपकारांचें स्मरण करणें हें आमचें पहिलें कर्तव्य होय. पुढील पिढीची तरतूद करणें हें दुसरें. आमच्या हायस्कुलांत संगणकांनीं सज्ज असें नवें ग्रंथालय व्हावें, असा विचार हल्लीं वारंवार ऐकूं येतो. तें कोणत्या धोरणानें उभारावें, याचें उत्तर आमच्या पूर्वेतिहासांत सांपडतें, असें आम्हांस वाटतें.

हिंदुस्थानांतील पहिला छापखाना इ. स. १५५६ मध्यें गोव्यास उतरला. तो वास्तविक अबिसिनियाकरितां निघाला होता. परंतु गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजांतच राहिला. म्हणजे या देशांत मुद्रणयंत्राचें पहिलें घर एक विद्यालयच होतें. पुढें १५७९ मध्यें इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स गोव्यास आले. त्यांनीं मराठी आत्मसात करून सुमारें ११ हजार ओव्यांचें ख्रिस्तपुराण रचिलें. येथील भाषेंतील ग्रंथ येथीलच लिपींत छापावे, ही त्यांची फार दिवसांची इच्छा होती. १६०८ सालीं आपले वरिष्ठ फादर आक्वाव्हिवा यांस लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं अडचणही सांगितली आहे : युरोपांत चोवीस अक्षरांचे साचे पुरतात, येथें सुमारें सहाशें लागतील, व इतके ओतणें अनेकांस अशक्य वाटतें. अखेर १६१६ मध्यें राशोल येथें तें मराठी पुराण रोमन लिपींत छापलें गेलें.

१६४९ व १६५४ मध्यें तें पुन्हां छापलें गेलें. तथापि या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाहीं. १६८४ मध्यें गोव्याच्या व्हाइसरॉयानें लोकांनीं तीन वर्षांत आपली भाषा सोडावी असें फर्मान काढलें. अशा काळांत ग्रंथ कोणीं राखिला? छापखान्यानें नव्हे, घरोघरीं हातानें उतरून घेतलेल्या प्रतींनीं! अशाच हस्तलिखितांवरून १९०७ मध्यें मंगळूर येथें सालडाणा यांनीं तो पुन्हां प्रसिद्ध केला. देवनागरी लिपींतील एक हस्तलिखित लंडनमध्यें मार्सडन यांच्या संग्रहांत निघालें. आणि १९५६ मध्यें पुण्यांत शांताराम बंडेलू यांनीं देवनागरी आवृत्ति काढिली. फादरांची इच्छा ३४० वर्षांनीं फळास आली.

आमच्या वसईची कथा याहून करुण आहे. किल्ल्यांत येशूसंघीयांचें विद्यालय होतें. १७३९ मध्यें मराठ्यांनीं किल्ला घेतला व तें संपलें. आज त्याच्या भग्न भिंती उभ्या आहेत. आंत ग्रंथ नाहीं. इमारत टिकली म्हणजे ज्ञान टिकलें, असें होत नाहीं.

तेव्हां नवें ग्रंथालय आंखतांना नुसत्या देखण्या दालनाकडे पाहूं नये. आमची हवा समुद्राची व दमट. म्हणून कपाटें भिंतीपासून व जमिनीपासून सुटीं असावीं, वारा खेळता असावा व वाळवीवर नजर असावी. एका कोपऱ्यांत स्कॅनर ठेवावा. कुटुंबांतील प्रार्थनांच्या वह्या, जुन्या स्मरणिका, १९५५ सालीं सुरू झालेल्या ‘सुवार्ते’चे जुने अंक, हें सारें मालकांच्या संमतीनें त्यावर टिपावें. कादोडी व वाडवळी बोलणाऱ्या वृद्धांचीं गाणीं व कहाण्या ध्वनिमुद्रित कराव्या. प्रत्येक वस्तूच्या तीन प्रती तीन ठिकाणीं असाव्या : एक शाळेंत, एक चर्चच्या कचेरींत व एक दूर गांवीं. एकाच संगणकावर विसंबणें म्हणजे एकाच घरांतील एकाच पोथीवर विसंबणें होय.

स्टीफन्स फादरांची सहाशें साच्यांची अडचण आतां उरलेली नाहीं. १९९१ पासून युनिकोड या सर्वमान्य पद्धतींत देवनागरीस १२८ स्थानें मिळालीं. जोडाक्षरें त्यांच्या संयोगानें संगणक स्वतः घडवितो. मात्र पूर्वीच्या निरनिराळ्या फाँटांत टंकलेला मजकूर तो फाँट नसल्यास निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. म्हणून सर्व लेखन युनिकोडमध्येंच व्हावें. ग्रंथसूचीसाठीं न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयाकरितां तयार झालेली ‘कोहा’ ही प्रणाली फुकट मिळते. तीस मोठा खर्च नाहीं.

परंतु सर्वांत मोठें काम यंत्राचें नव्हे. आज आमचीं बरींच मुलें इंग्रजी माध्यमांत शिकतात, व आजीची प्रार्थनेची वही त्यांस धड वाचतां येत नाहीं. टिपलेलीं पानें याच मुलांनीं वाचून देवनागरींत टंकावीं, वडिलांस अर्थ विचारावा व चुका सुधाराव्या. पूर्वी घरोघरीं पोथी उतरून घेणारे हात होते, म्हणून ख्रिस्तपुराण उरलें. तसे हात शाळेंत पुन्हां तयार झाले, तरच संगणकांवरील खर्च सार्थकीं लागेल. ही बुद्धि व हें बळ प्रभु येशू आमच्या धर्मग्रामास देवो, हीच या जुबिलीच्या दिवशीं आमची प्रार्थना.