पेशवाईचे कान

पानिपतच्या पराभवाची बातमी नानासाहेब पेशव्यांना वकिलाने दिली नाही, सरदाराने दिली नाही, स्वतःच्या जासुदानेही दिली नाही. ती दिली एका सावकारी पेढीच्या कासिदाने, आणि तीसुद्धा नाइलाजाने. ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या आपल्या इतिहासात ही हकिगत नोंदवून ठेवली आहे. उत्तरेतून औरंगाबादच्या सावकारांकडे निघालेला हा कासीद नऊ दिवसांत पत्र पोचवण्याच्या बोलीवर धावत होता. जानेवारी १७६१च्या अखेरीस, माळव्यात भेलशाच्या बाजूला पेशव्यांची छावणी होती, तेव्हा तो वाटेत सापडला. पत्र फोडले तर आत जमाखर्चाची भाषा. मोती दोन गळाले, मोहरा सत्तावीस गेल्या, आणि रुपये व खुर्दा किती गेला त्याची मोजदाद नाही.

मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, मोहरा म्हणजे सरदार, खुर्दा म्हणजे शिपाई-बाजारबुणगे. हे समजायला पेशव्यांना कुणी फोड करून सांगावी लागली नसेल. सावकारांनी मात्र असे लिहायला कारण होते. उघड बातमी वाटेत फुटली असती तर बाजारात हुंड्या वटणे बंद पडले असते. म्हणजे हिंदुस्थानातल्या सगळ्यांत मोठ्या फौजेचा मालक आठवडाभर अंधारात चाचपडत होता, आणि पेढीवाले गुप्त पत्राने एकमेकांना सावध करत होते.

हा अंधार एका दिवसात पडलेला नव्हता. ऑक्टोबर १७६०मध्ये भाऊंनी कुंजपुरा घेतला, तिथून फौज कुरुक्षेत्राकडे वळली, आणि तेवढ्यात अफगाण बादशहा अब्दालीने बागपतजवळ यमुनेला उतार शोधून अख्खे लष्कर अलीकडे आणले. फुगलेली नदी हजारो घोडेस्वार ओलांडतात आणि प्रतिपक्षाला ते काम उरकल्यावर कळते, यातच पुढचे बरेचसे आले. डिसेंबरात रसद पोचवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. दक्षिणेकडे येणारी पत्रे आटली. जानेवारीच्या सुरुवातीला दिल्लीहून नारो शंकरांनी खजिना पाठवला. ती तुकडी थंडीच्या रात्री वाट चुकली, समोर दिसणाऱ्या शेकोट्या आपल्याच छावणीच्या समजली आणि मराठीत बोलत थेट अफगाणांच्या गोटात शिरली. बोलण्यावरून ओळख पटली आणि कत्तल उडाली. रात्री वाट दाखवायला एक भरवशाचा स्थानिक माणूसही मिळू नये, इतका तो मुलूख परका झाला होता.

मराठे बातमीदारीत मुळातच कच्चे होते असे मात्र म्हणता येत नाही. सुरत लुटली तर अगणित द्रव्य मिळेल ही खबर शिवाजी महाराजांच्या बहिर्जी नाईकाने आणली, असे बखरकार सभासदाने लिहिले आहे. जानेवारी १६६४मध्ये शिवाजी महाराज गुजरातेत शिरले तेव्हा फौज लपतछपत आली नाही, उलट आपण कोण याबद्दल तिने बिनदिक्कत खोटे सांगितले: ही बादशाही फौज आहे, अहमदाबादेकडे महाबतखानाच्या मदतीला चालली आहे. त्यामुळे सुरतेचा सुभेदार इनायतखान जागा झाला तोवर उशीर झाला होता. पुढे १६७९मध्ये जालन्याहून परतताना मोगलांनी वाट अडवली, तेव्हा आडवाटांनी रात्रंदिवस चालवत फौजेला पट्टा किल्ल्यावर सुखरूप पोचवले तेही बहिर्जीनेच. त्या किल्ल्याला विश्रामगड हे नाव मिळाले ते तेव्हा. कादंबऱ्यांनी आणि चित्रपटांनी बहिर्जीला इतके वेश चढवले आहेत की खाली माणूस शिल्लक राहिला आहे की नाही अशी शंका यावी. सभासदाच्या चार वाक्यांतला बहिर्जी वेशांतरासाठी प्रसिद्ध नाही. त्याला वाटा माहीत आहेत. सह्याद्रीत आणि त्याच्या लगत ही माहिती पुरली. यमुनेकाठी ती कामाची नव्हती.

अठराव्या शतकात राज्य पसरले तशी ही विद्याही बदलली. डोंगरवाटा ओळखणाऱ्या नाईकापेक्षा दरबारात बसून लिहिणारा वकील महत्त्वाचा झाला. दिल्लीला हिंगण्यांचे घराणे पिढ्यान् पिढ्या पेशव्यांची वकिली करत होते. हैदराबादला निजामाकडे गोविंदराव काळे आणि गोविंदराव पिंगळे होते. ही मंडळी चोरून राहत नव्हती. त्यांना वस्त्रे मिळत, मानपान मिळे, आणि ते रोज काय लिहून पाठवतात हे यजमान दरबाराला पक्के ठाऊक असे. निजामाची माणसेही पुण्यात बसून तेच करत होती. त्यांनी धाडलेले पुण्याचे अखबार १९५०च्या दशकात हैदराबादच्या दप्तरखान्याने तीन भागांत छापले, आणि पेशव्यांच्या वाड्यात आज कोण भेटायला आले, कुणाला काय दिले, हे त्यांत तारीखवार आहे. गुप्तता होती ती बातमी काढणाऱ्याच्या ओळखीत नव्हे, तर बातमीच्या मांडणीत. मुख्य पत्रात क्षेमकुशल, दरबारची हकिगत, कोणी वाचले तरी चालेल असा मजकूर. आणि खरे ते पुरवणीत, वेगळ्या कागदावर. तारीखही मुसलमानी महिन्याची, आधी ‘छ’ हे अक्षर घालून. ते वळण आजच्या वाचकाला कोडे वाटते, पण तेव्हाच्या कारकुनाला ते रोजचेच होते.

हे कागद पायांवर चालत. पत्रांतून ‘जासूद जोडी’ हा शब्द वारंवार येतो. माणसे दोन पाठवायची, म्हणजे एक आजारी पडला, लुटला गेला किंवा फितला तर दुसरा उरतो. जासूद कुठून किती दिवसांत आला याचीही नोंद होई, कारण बातमीची किंमत तिच्या वयावर ठरे.

या सगळ्या जाळ्याला एक धनी मिळाला तो नाना फडणीस. नानांचा जन्म १७४२चा. पानिपतावर ते ऐन तारुण्यात हजर होते, तिथून जीव घेऊन पळाले, आणि त्या धुमाळीत त्यांची आई नाहीशी झाली. पुढे आयुष्यभर या माणसाने तलवार फारशी धरली नाही, पण कुठे काय चालले आहे हे कळल्याशिवाय तो पाऊल टाकत नसे. दोन्ही गोष्टींचा संबंध जोडण्याचा मोह आवरणे कठीण आहे, आणि आवरायचे फारसे कारणही दिसत नाही.

नानांची पहिली कसोटी लागली ती बातमीशी नव्हे, अफवेशी. भाऊंचे प्रेत ओळखले गेल्याबद्दल लोकांची खात्री नव्हती, त्यामुळे भाऊ जिवंत आहेत ही आशा पंधरा वर्षे टिकून होती. सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण आपणच भाऊ असे सांगू लागला. त्याला रत्नागिरीच्या किल्ल्यात कैदेत ठेवले होते. १७७६मध्ये तिथल्या अंमलदारानेच त्याला सोडले आणि बघता बघता कोकणातले किल्ले, हजारो माणसे त्याच्या मागे उभी राहिली. तोतया बोरघाटापर्यंत येऊन ठेपला. फौज पाठवून त्याचा मोड करावा लागला, मुंबईकडे पळताना राघोजी आंग्र्यांनी त्याला धरले आणि डिसेंबरात पुण्यात त्याला मारले. त्याच्यामागे गेलेले सगळेच भोळे नव्हते. बारभाईंचा, म्हणजे नाना आणि त्यांच्या साथीदारांचा, कारभार नको असलेल्या पुष्कळांना हा भाऊ खरा आहे की खोटा याच्याशी देणेघेणे नव्हते. तो सोयीचा होता.

दोन वर्षांनी इंग्रजांची पाळी आली. पेशवेपदावर हक्क सांगणाऱ्या राघोबादादांना गादीवर बसवायला १७७८च्या अखेरीस मुंबईहून सुमारे ३,९०० माणसांची फौज निघाली, पनवेलवरून बोरघाट चढली आणि गोगलगायीच्या चालीने पुढे सरकू लागली. मराठ्यांचे घोडेस्वार आजूबाजूला घिरट्या घालत होते, पुढचा मुलूख रिकामा होत होता, आणि इंग्रज जिची वाट पाहत होते ती दादांच्या पक्षाची माणसे येऊन मिळण्याची खबर मात्र कुठूनच येत नव्हती. तळेगावाला पोचले तर गाव जळत होते. ११ जानेवारी १७७९च्या रात्री अकराच्या सुमारास, जड तोफा तळ्यात ढकलून आणि सामान जाळून, कंपनीची फौज गुपचूप मागे फिरली. हे गुपित तीन तासही टिकले नाही. दोन वाजण्याच्या आत आघाडीवर गोळ्या पडू लागल्या. वडगावला कोंडी झाली आणि तह करावा लागला. पानिपताच्या उलट इथे आंधळा कोण आणि डोळस कोण हे उघड होते. मावळातल्या प्रत्येक वाडीतून बातमी येत असताना शत्रूला रात्री निसटता येत नसते.

पण जाळे नानांचे होते, सरकारचे नव्हते. १७८६मध्ये चार्ल्स मॅलेट कंपनीचा रेसिडेंट म्हणून पुण्यात आला आणि मुळा-मुठेच्या संगमावर राहू लागला. त्याची पत्रे मुंबईला आणि कलकत्त्याला जात, तिथे नकला होत, फडताळात लागत, पुढच्या माणसाला वाचायला मिळत. नानांचे मर्मी कागद त्यांच्यासोबत वाईजवळच्या मेणवलीच्या वाड्यात गेले. १३ मार्च १८०० रोजी नाना वारले, आणि कुठल्या वकिलाचे कुठले वाक्य खरे मानायचे हे ज्याच्या डोक्यात होते तो माणूसच गेला. दुसऱ्या बाजीरावाने बातमीदार ठेवले नाहीत असे नाही, त्याने भरपूर ठेवले. पण दरबारातल्या ज्यांना पूर्वी पुण्याने पोसले होते तेच आता संगमावरूनही पैसे घेत होते. बाळाजीपंत नातूंचे नाव त्यासाठी बदनाम आहे. नातू एकटे नव्हते, एवढेच.

तरी या शेवटच्या पर्वात मराठ्यांकडून एक हुकमी डाव पडला. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या पंढरपुरातल्या खुनाबद्दल पुण्याचा रेसिडेंट एल्फिन्स्टन याने बाजीरावाच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्यांना ताब्यात घेऊन ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले होते. एतद्देशीय शिपायांवर भरवसा नको म्हणून पहाऱ्याला गोरे ठेवले. किल्ल्यातल्या एका साहेबाकडे नुकताच नोकरीला लागलेला एक मोतद्दार रोज खिडकीसमोर घोड्याला खरारा करी आणि करता करता मराठीत गाणी म्हणे. गोऱ्या पहारेकऱ्यांच्या कानांवर ती रोज पडत होती. घोडा कुठे बांधला आहे, माणसे कुठल्या झाडीत थांबली आहेत, हे सगळे त्या गाण्यांत होते. १२ सप्टेंबर १८१६ला, पावसाळी संध्याकाळी, त्रिंबकजी निसटले. बिशप हेबरने नंतर चुनारच्या कैदेत त्रिंबकजींना पाहिले आणि ही गोष्ट आवडीने लिहून ठेवली. बिचारे पहारेकरी दोषी तरी कसे ठरवावेत. त्यांची निवडच भाषा न कळण्यासाठी झाली होती.

वर्षभराने, ५ नोव्हेंबर १८१७ला खडकीची लढाई झाली तेव्हा एल्फिन्स्टनला अचंबा वाटण्यासारखे काही उरले नव्हते. बाजीरावाने फोडायला पाहिलेल्या यशवंतराव घोरपड्यांनी बेत आधीच त्याच्या कानावर घातला होता. दापोडीच्या पलटणीच्या कॅप्टन फोर्डला त्याचे स्नेही मोरो दीक्षित यांनी सावध केले होते. दीक्षित मात्र पेशव्यांचेच चाकर राहिले, जरीपटक्याबरोबर लढाईत उतरले, आणि फोर्डच्याच पलटणीच्या तोफेने पडले. संगमावरची रेसिडेन्सी त्याच दिवशी जळाली. एल्फिन्स्टनचा ग्रंथसंग्रह आणि कागद त्यात गेले. स्वतः एल्फिन्स्टन आणि त्याचा मदतनीस ग्रँट डफ सुखरूप राहिले.

पेशवाई बुडाली आणि पेशव्यांचे दप्तर इंग्रजांच्या हाती आले. ग्रँट डफने त्यातून इतिहास लिहिला, पण सरकारला त्याचा खरा उपयोग वेगळाच होता. १८५२मध्ये इनाम कमिशनला कायद्याचे बळ मिळाले, आणि दक्षिणेतल्या हजारो इनामदारांना आपले हक्क कागदाने सिद्ध करायला सांगितले गेले. त्यांच्या दाव्यांना बळकटी देणारे किंवा ते मोडून काढणारे हिशेब त्याच दप्तरात, सरकारच्या कुलपात होते. ज्या कागदांत पूर्वी निजामाच्या दरबारातली कुजबुज येऊन पडे, त्यांच्याशेजारचे रुमाल सोडून आता कुणाच्या आजोबांना गाव कोणत्या साली मिळाला ते तपासले जाऊ लागले. १८९१च्या सुमारास पुण्यात दप्तरासाठी दगडी इमारत उभी राहिली, तरी अभ्यासकांना दार मोकळे नव्हते. राजवाडे, खरे, पारसनीस या संशोधकांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने जमवली ती जुन्या वाड्यांच्या माळ्यांवरून, मिरज-वाईच्या घराण्यांकडून, कधी वाण्याच्या पुड्यांतून. गोविंद सखाराम सरदेसाई यांना निवड करून छापण्याचे काम मिळाले आणि पेशवे दप्तराचे पंचेचाळीस खंड बाहेर पडले, ते १९३० ते १९३४ या काळात. मागोमाग सरदेसाई आणि जदुनाथ सरकार यांच्या देखरेखीखाली पुणे रेसिडेन्सीचा इंग्रजी पत्रव्यवहारही छापला गेला. पुण्याच्या एकाच दरबाराबद्दल मॅलेटने काय कळवले आणि वकिलांनी नानांना काय लिहिले, हे शेजारी शेजारी ठेवून वाचायची सोय तेव्हापासून झाली.