गंगारामचा चहा आणि खासबागेतली संध्याकाळ

कोल्हापूरला आलेल्या पाहुण्याची संध्याकाळ साधारण ठरलेली असते. अंबाबाईचं दर्शन, रंकाळ्यावर फेरी, खासबागेजवळ भेळ, रात्री तांबडा-पांढरा आणि मग गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं दूध. ऑफिसातले मित्र येतात तेव्हा मीही त्यांना याच वाटेनं नेतो. आम्ही गडहिंग्लजचे, त्यामुळे रश्श्याचा रंग बघून 'मिरची आमच्याकडची' असं सांगून टाकायची सवयच आहे.

या यादीत एक ठिकाण मात्र नसतं, कारण ते आता उरलेलं नाही. ते म्हणजे भाऊसिंगजी रोडवरचं गंगाराम कांबळे यांचं 'सत्यसुधारक' हॉटेल.

गंगाराम राजवाड्याच्या पागेत नोकर होते. सवर्णांच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामना स्वतःचा धंदा करायला सांगितलं. त्यांनी चहाचं हॉटेल काढलं. जागा स्वच्छ, चहा चांगला; पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोणी फिरकेना. मग महाराज फिरायला निघाले की आपली गाडी तिथं थांबवू लागले. स्वतः चहा घ्यायचे आणि सोबतच्या मंडळींनाही घ्यायला लावायचे.

सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये, असे हुकूम महाराजांनी १९१९ मध्ये काढलेच. विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने हुकमानं खुले करता येतात. पण गिऱ्हाईक हुकमानं येत नाही. त्यासाठी राजालाच गिऱ्हाईक व्हावं लागलं.

संध्याकाळच्या करमणुकीतही त्यांनी साऱ्या गावाचा विचार केलेला दिसतो. १९०२ मध्ये ते युरोपला गेले. रोममधलं प्राचीन क्रीडागार पाहून त्यांना कुस्तीच्या मैदानाची कल्पना सुचली, असं सांगतात. १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं. मधे आखाडा आणि भोवती वाटीसारखी चढत जाणारी बैठक, म्हणजे मागे बसलेल्यालाही पट कसा काढला ते दिसावं. त्याला लागूनच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर झालं. एकीकडे शड्डू, दुसरीकडे नाट्यपद. पुढे या थिएटरला 'संगीत मानापमान'मधले धैर्यधर, कोल्हापूरचेच केशवराव भोसले यांचं नाव मिळालं.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री हे नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शहर हळहळलं, कलावंत रडले आणि ते पुन्हा उभारण्याचं काम हाती घेतलं गेलं. ते योग्यच झालं.

गंगारामचं हॉटेल मात्र कधी गेलं, याची हळहळ कुणाच्या बोलण्यात येत नाही. ते जपायचं तर इमारत नव्हे, सवय जपावी लागली असती, आणि तिथंच आपण कमी पडलो. १९१९ च्या हुकमानंतर अर्धशतक उलटलं, तरी महाराष्ट्रात बाबा आढावांना 'एक गाव, एक पाणवठा' ही मोहीम काढावी लागली. खेड्यापाड्यांतल्या हॉटेलांत वेगळ्या कपबश्या त्यानंतरही होत्या.

म्हणून मित्रांना आता आधी भाऊसिंगजी रोडला नेतो. कुठल्याही टपरीवर कटिंग घेऊन ही गोष्ट सांगतो. तांबडा रस्सा त्यानंतर.