वर्धा जिल्ह्यात छेदणाऱ्या दोन हवाई रेषा

मुंबई ते कोलकाता विमानतळ सुमारे 1,660 किलोमीटर. दिल्ली ते चेन्नई सुमारे 1,760. पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेल्या या दोन सर्वांत जवळच्या वाटा नकाशावर काढून पाहा. त्या एकमेकींना छेदतात आमच्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटच्या अलीकडे, वर्धा शहरालगतच्या सिंदी मेघेपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर. मला या जागेचं फार अप्रूप आहे.

कारण भारतात असं अंतर मोजण्याचा पाया ज्याने घातला, तो माणूस तिथेच जवळ वारला. विल्यम लॅम्बटनने 1802 मध्ये मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ साखळीने आधाररेषा मोजली. आजचा चेन्नई विमानतळ त्या टेकडीच्या शेजारीच आहे. त्रिकोणाला त्रिकोण जोडत त्याची मोजणी पुढच्या वीस वर्षांत उत्तरेकडे आली. नकाशे तर हवेच होते. पण पृथ्वीची वक्रता नेमकी किती, हेही त्याला शोधायचं होतं. ती ठाऊक नसेल तर दोन दूरच्या विमानतळांमधलं खरं अंतर सांगताच येत नाही. नागपूरकडे निघालेल्या लॅम्बटनचा 20 जानेवारी 1823 रोजी हिंगणघाटला मृत्यू झाला.

पुढे रेल्वेनेही हाच मध्यवर्ती पट्टा गाठला: 1867 मध्ये ती वर्ध्यावरून नागपूरला पोचली. आजही मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई या दोन्ही मार्गांच्या गाड्या वर्धा–नागपूर पट्ट्यातून धावतात.

विमानांनी या मध्यवर्ती जागेचा खरा उपयोग केला तो 1949 पासून. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या चारही शहरांतून रात्री टपालाची विमानं निघत आणि मध्यरात्रीनंतर नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई, आणि उजाडेपर्यंत विमानं आपापल्या शहरी परतलेली असत. नागपूरमार्गे गेल्याने दोन्ही वाटा दहा किलोमीटरसुद्धा वाढत नव्हत्या. डाकोटा विमानाला दिल्लीहून नागपूरचे सुमारे 855 किलोमीटर कापायला तीन तासांहून अधिक लागत. तरी मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र सकाळी कलकत्त्यात असे. देशाचा भूगोल इतक्या नेमकेपणाने वापरणारी दुसरी सेवा मला तरी माहीत नाही.

आता जेट विमान तेच अंतर दीड तासात कापतं. अंतर तेवढंच असलं तरी वेळ मात्र दिशेप्रमाणेही बदलतो: हिवाळ्यात उंचावरच्या पश्चिमी वाऱ्यांमुळे मुंबईहून कोलकात्याला जाताना कमी वेळ लागतो, मुंबईला परतताना जास्त. आणि सिंदी मेघेहून निघणाऱ्याला सोनेगावपर्यंतचे सुमारे सत्तर किलोमीटर रस्त्यानेच कापावे लागतात. त्या हिशेबात एकूण प्रवासात विमानाचा वेळ निम्माच असतो.

लॅम्बटनची कबर हिंगणघाटला आहे. वर्ध्याच्या शाळांनी आपल्या मुलांना एकदा तरी तिथे न्यावं, आणि सोबत नकाशा व दोरा जरूर घ्यावा.