हवामान आणि पाण्यावरचं संशोधन : ‘सायटेशन’चा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही?

पावसाळा जवळ आला की मोबाइलवर ठरावीक पोस्ट फिरू लागतात. ‘मान्सूनचं चक्र बदललं, नव्या संशोधनाचा दावा’, ‘जगप्रसिद्ध जर्नलचा इशारा, भूजल संपणार’. खाली जर्नलचं नाव असतं. कधी ‘हजारो शास्त्रज्ञांनी संदर्भ दिलेलं संशोधन’ असंही लिहिलेलं असतं. एवढ्या मोठ्या जर्नलमध्ये छापून आलंय म्हणजे खरंच असणार, असं वाचणाऱ्याला वाटतं.

जर्नलचं नाव आणि संदर्भांचा आकडा यांतून काही गोष्टी नक्की कळतात, पण संशोधन बरोबर आहे की नाही, हे त्यातून थेट कळत नाही. हवामान आणि पाणी या विषयांत तर हा फरक जास्तच जाणवतो. तो कसा, ते पाहू.

सायटेशन म्हणजे काय?

शास्त्रज्ञ शोधनिबंध लिहितात तेव्हा आधीच्या ज्या कामाचा आधार घेतला, त्याची यादी शेवटी देतात. एखाद्या निबंधाचं नाव दुसऱ्या निबंधाच्या यादीत आलं की त्याला एक सायटेशन, म्हणजे एक संदर्भ मिळाला असं धरतात.

हे संदर्भ पद्धतशीर मोजण्याची कल्पना अमेरिकेतील युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडली. पुढे १९६० च्या दशकात त्यांच्या संस्थेने ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ ही सूची सुरू केली. मूळ हेतू साधा होता : एखाद्या कामाचा पुढे कोणी उपयोग केला, ते शोधता यावं. शास्त्रज्ञांना गुण देण्यासाठी तिचा वापर नंतर सुरू झाला.

इम्पॅक्ट फॅक्टर कसा काढतात?

इम्पॅक्ट फॅक्टर हा एका निबंधाचा नव्हे, तर संपूर्ण जर्नलचा आकडा असतो. समजा, एका जर्नलने २०२२ आणि २०२३ मध्ये मिळून २०० निबंध छापले आणि त्यांना २०२४ या वर्षात ५०० संदर्भ मिळाले. ५०० भागिले २००, म्हणजे त्या जर्नलचा २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर २.५.

यात दोन अडचणी आहेत. पहिली, ही सरासरी आहे. चार-पाच निबंधांना भरपूर संदर्भ मिळतात आणि बाकीच्यांना तुरळक, तरी आकडा सगळ्यांच्या नावावर चढतो. दुसरी, मोजणी फक्त मागच्या दोन वर्षांतल्या निबंधांची होते. पाऊस, नदी, भूजल यांच्या अभ्यासात मात्र कामाची किंमत कळायला पुष्कळदा दहा-वीस वर्षं लागतात.

शास्त्रज्ञाच्या वैयक्तिक कामासाठी एच-इंडेक्स वापरतात. हा आकडा भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी २००५ मध्ये सुचवला. एखाद्याच्या किमान १० निबंधांना प्रत्येकी किमान १० संदर्भ मिळाले असतील, तर त्याचा एच-इंडेक्स १० होतो.

सगळ्यात जास्त संदर्भ कशाला मिळतात?

धक्कादायक शोधांना, असं वाटेल. हवामान आणि जलविज्ञानात मात्र यादीच्या वरच्या टोकाला बहुतेकदा अवजारं दिसतात : मोजण्याच्या पद्धती, सूत्रं आणि आकडेवारीचे संच.

- नॅश-सटक्लिफ निर्देशांक : नदीच्या प्रवाहाचा संगणकीय अंदाज प्रत्यक्षाशी किती जुळला, ते सांगणारा आकडा. अंदाज तंतोतंत असेल तर १, आणि नुसती सरासरी सांगण्याइतकाच उपयोगी असेल तर शून्य. १९७० मध्ये ‘जर्नल ऑफ हायड्रॉलॉजी’त तो मांडला गेला आणि आजही वापरला जातो.
- पिकाची पाण्याची गरज काढण्याची पद्धत : जागतिक अन्न व कृषी संघटनेने १९९८ मध्ये काढलेली ही पुस्तिका आहे. ती जर्नलमध्ये आलेली नाही, तरी तिचे संदर्भ जगभर दिले जातात.
- एसपीआय हा दुष्काळ निर्देशांक : अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या तीन संशोधकांनी १९९३ मध्ये एका परिषदेत तो सादर केला. पुढे जागतिक हवामान संघटनेने सर्व देशांना त्याची शिफारस केली.
- रीअ‍ॅनालिसिस : जुन्या नोंदी आणि संगणकीय प्रारूप एकत्र करून गेल्या अनेक दशकांचं हवामान पुन्हा उभं करणारी आकडेवारी. अशा ४० वर्षांच्या आकडेवारीवरचा १९९६ चा अमेरिकी निबंध या क्षेत्रातल्या सर्वाधिक संदर्भ मिळालेल्या निबंधांपैकी आहे.

यातला एसपीआय परिषदेत मांडला गेला, त्यामुळे कोणत्याही जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरमध्ये तो मोजला जात नाही. तरी जगभरातले दुष्काळाचे नकाशे त्याच्या आधारे काढले जातात.

पुण्यातलं उदाहरण

भारतीय हवामान विभाग ‘मौसम’ नावाचं जर्नल काढतो. वेगळ्या नावाने ते १९५० मध्ये सुरू झालं. ‘नेचर’ किंवा ‘सायन्स’च्या तुलनेत त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर अगदी लहान आहे.

२०१४ मध्ये हवामान विभागाच्या पुणे कार्यालयातील डी. एस. पै आणि सहकाऱ्यांचा निबंध ‘मौसम’मध्ये आला. देशभरातल्या ६,९५५ पर्जन्यमापक केंद्रांच्या नोंदी तपासून त्यांनी १९०१ ते २०१० या काळाची रोजच्या पावसाची आकडेवारी तयार केली. पाव अंशाच्या चौकटींत, म्हणजे साधारण २५ ते २८ किलोमीटरच्या चौकोनांत, ती मांडली.

त्यात धक्कादायक निष्कर्ष नव्हता, पण भारतातल्या पावसावर काम करणाऱ्या देशोदेशीच्या संशोधकांना ही आकडेवारी लागते. त्यामुळे मोठ्या जर्नलमधल्या कितीतरी निबंधांच्या संदर्भयादीत ‘मौसम’चं नाव दिसतं. या कामाच्या मुळाशी रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजून नोंद ठेवणारी माणसं आहेत. त्यांची नावं कोणत्याच सूचीत येत नाहीत.

संदर्भ उशिराही मिळतात

गिल्बर्ट वॉकर १९०४ ते १९२४ या काळात भारताच्या हवामान विभागाचे प्रमुख होते. मान्सूनचा अंदाज बांधता यावा म्हणून त्यांनी जगभरातल्या हवेच्या दाबाच्या, पावसाच्या आणि तापमानाच्या नोंदींचे परस्परसंबंध तपासले. त्यातून प्रशांत आणि हिंदी महासागरांदरम्यान हवेच्या दाबाचा झोका असतो, हे पुढे आलं. त्याला त्यांनी सदर्न ऑसिलेशन म्हटलं.

कारण सांगता येत नसल्याने अनेक शास्त्रज्ञांनी त्याकडे संशयाने पाहिलं. वॉकर १९५८ मध्ये वारले. १९६९ मध्ये याकोब ब्यर्कनेस यांनी हा झोका आणि एल निनो यांचा संबंध उलगडला आणि प्रशांत महासागरावरच्या हवेच्या चक्राला ‘वॉकर सर्क्युलेशन’ नाव दिलं. आज एल निनोशिवाय मान्सूनची बातमी पूर्ण होत नाही. दोन वर्षांच्या फुटपट्टीने मोजलं असतं, तर हे काम नापास झालं असतं.

संदर्भ दिला म्हणजे पटलं, असं नाही

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पुढच्या वर्षी ‘सायन्स’मध्ये बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. १९५१ ते २००० या काळात मध्य भारतात अतिवृष्टीच्या घटना वाढल्या, मध्यम पावसाच्या कमी झाल्या, त्यामुळे हंगामाच्या एकूण पावसात मात्र ठळक बदल दिसत नाही, असं त्यात होतं.

२०१२ मध्ये आयआयटी मुंबईच्या सुबिमल घोष आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर क्लायमेट चेंज’मध्ये वेगळं चित्र मांडलं. देशभर अतिवृष्टीचा एकसारखा कल दिसत नाही, ठिकाणाठिकाणांतली तफावत मात्र वाढते आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. २०१७ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की १९५० ते २०१५ दरम्यान मध्य भारतात मोठ्या भूभागावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या.

कोणता प्रदेश घेतला आणि अतिवृष्टी कशाला म्हटलं, यावर उत्तर बदलतं. अशा चर्चेत विरोधी मत मांडणाराही आधीच्या निबंधाचा संदर्भ देतो, आणि मोजणीत तोही एक संदर्भच धरला जातो. म्हणूनच ‘मध्य भारत’ हे शब्द गाळून पोस्टमध्ये ‘महाराष्ट्रात अतिवृष्टी तिप्पट’ असं लिहिलं, तर ते मूळ संशोधन राहत नाही.

साखळीतली एक कडी चुकली की काय होतं?

हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची मोठी शक्यता आहे, असं आयपीसीसीच्या २००७ च्या अहवालात छापलं गेलं. त्यासाठी एका पर्यावरण संघटनेच्या २००५ च्या अहवालाचा संदर्भ होता. त्या अहवालाचा आधार होता १९९९ मध्ये एका विज्ञान नियतकालिकात आलेली बातमी. साखळीच्या शेवटी तज्ज्ञांनी तपासलेला शोधनिबंध नव्हताच. जानेवारी २०१० मध्ये आयपीसीसीने चूक मान्य करून खेद व्यक्त केला.

हिमनद्या वितळत आहेत, हे खरंच आहे. पण एका चुकीच्या सालामुळे हवामानबदलच खोटा म्हणणाऱ्यांना आयतं कोलीत मिळालं. संदर्भ आहे एवढं पाहून कोणी मूळ कागद उघडला नाही, की असं होतं.

सध्या कल कुठे आहे?

हवामानबदल : धरणांची आणि पुलांची आखणी मागच्या नोंदींवरून होते. २००८ मध्ये ‘सायन्स’मधल्या एका लेखाने भविष्य भूतकाळासारखंच राहील हे गृहीतक आता मेलं, असं ठणकावून सांगितलं. जलविज्ञानातल्या बऱ्याच वादांची सुरुवात तिथून होते.

उपग्रह : ग्रेस या उपग्रहजोडीने गुरुत्वाकर्षणातल्या सूक्ष्म बदलांवरून भूजल मोजता येतं हे दाखवलं. राजस्थान, पंजाब आणि हरियाणात ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात १०९ घन किलोमीटर भूजल घटलं, असा २००९ चा ‘नेचर’मधला निबंध गाजला. पण ही पद्धत मोठ्या प्रदेशांसाठी आहे. आपल्या तालुक्यातल्या विहिरींचं पाणी तिच्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी निरीक्षण विहिरींच्या नोंदीच पाहाव्या लागतात.

कृत्रिम बुद्धिमत्ता : २०१८ पासून नदीच्या प्रवाहाच्या अंदाजासाठी या पद्धतींवर निबंधांची रीघ लागली. २०२३ मध्ये पांगू-वेदर आणि ग्राफकास्ट ही हवामान प्रारूपं ‘नेचर’ आणि ‘सायन्स’मध्ये आली. दोन्ही शिकली ती युरोपीय केंद्राच्या ईआरए-५ या रीअ‍ॅनालिसिस आकडेवारीवर. म्हणजे इथेही पाया नोंदींचाच.

न दिसणारे भाग : जिथे आकडेवारी मिळते तिथेच संशोधन वाढतं. भारतात गंगा, ब्रह्मपुत्रा, सिंधू या सीमापार खोऱ्यांतल्या प्रवाहाची आकडेवारी गोपनीय असते, गोदावरी-कृष्णेसारख्या नद्यांची तुलनेने सहज मिळते. साहजिकच अभ्यासही तिकडेच जास्त होतात. भाषेचंही तसंच. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाचा १९९९ चा अहवाल राज्यातल्या पाण्याच्या चर्चेत सतत येतो, पण अशा अहवालांना इम्पॅक्ट फॅक्टर नसतो.

आकडे फुगवता येतात का?

येतात. स्वतःचेच जुने निबंध वारंवार उद्धृत करणं, आपसात संदर्भांची देवाणघेवाण करणं, पैसे घेऊन न तपासता निबंध छापणारी जर्नल्स काढणं, हे सगळं चालतं. नोकरी, बढती आणि निधी या आकड्यांवर ठरू लागले की त्यांच्यामागे धावणंही आलंच. म्हणून संशोधकाचं मूल्यमापन जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून करू नये, असं आवाहन ‘डोरा’ या जाहीरनाम्यात केलेलं आहे. त्याचा पहिला मसुदा २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को इथे तयार झाला.

पोस्ट शेअर करण्यापूर्वी काय पाहाल?

- मूळ निबंधाचं नाव आणि वर्ष दिलं आहे का? नसेल तर थांबा.
- अभ्यास कोणत्या प्रदेशाचा आणि कोणत्या काळाचा आहे? पोस्टमध्ये तोच आहे का?
- हा प्रत्यक्ष नोंदींचा निष्कर्ष आहे की भविष्याचा संगणकीय अंदाज?
- त्याच विषयावर नंतर वेगळं काही आलं आहे का? गूगल स्कॉलरवर निबंधाखालच्या संदर्भांच्या आकड्यावर क्लिक केलं की तो उद्धृत करणारे निबंध दिसतात. त्यांची शीर्षकं वाचली तरी वाद आहे का ते कळतं.
- निबंध मागे घेतलेला किंवा दुरुस्त केलेला तर नाही ना? जर्नलच्या पानावर तशी सूचना असते.

बहुतेक निबंधांचा सारांश फुकट वाचायला मिळतो आणि तो अर्ध्या पानाचाही नसतो. पेरणी कधी करायची, बोअर घ्यायची की नाही, असे निर्णय लोक अशा पोस्ट वाचून घेतात. म्हणून पुढे पाठवण्याआधी तेवढा सारांश तरी उघडून पाहा.